ठरवून होणारा विवाह व प्रेमविवाह : तुलनेच्या निकषांचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

एकनाथांचे 'रुक्मिणीस्वयंवर' हे सोळाव्या शतकातील काव्य महाराष्ट्रात अनेक पिढ्या एका विशिष्ट हेतूने वाचले गेले आहे. उपवर मुलीचे लग्न लवकर जुळावे म्हणून तिने या ग्रंथाचे पारायण करावे, असा संकेत घरोघर पाळला जात असे; काही घरांतून तो अद्यापिही पाळला जातो. या काव्याची नायिका मात्र ज्येष्ठ बंधूने ठरविलेले शिशुपालाचे स्थळ नाकारते, मनाने वरलेल्या पुरुषास पत्र धाडते आणि त्याच्याबरोबर कौंडिण्यपुराहून निघून जाते. वडीलधाऱ्यांकडून विवाह जुळून यावा म्हणून, वडीलधाऱ्याने जुळविलेला विवाह मोडणाऱ्या राजकन्येची कथा वाचावयाची, यात काही विसंगती आहे असे परंपरेस वाटले नाही.

आजच्या चर्चेत मात्र हे दोन विवाहप्रकार परस्परविरोधी म्हणून समोरासमोर उभे केले जातात. ठरवून केलेला विवाह श्रेष्ठ की प्रेमविवाह, हा वक्तृत्वस्पर्धांचा जुना विषय आहे. एका पक्षाने घटस्फोटाचे अल्प प्रमाण पुढे करावे, दुसऱ्याने व्यक्तिस्वातंत्र्याची महती सांगावी आणि शेवटी दोहोंचा सुवर्णमध्य साधावा असे म्हणून सभा संपवावी, हा त्या चर्चेचा ठरीव क्रम होय. सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकास या चर्चेतून फारसे काही हाती लागत नाही, कारण ज्या दोन गोष्टींची तुलना करावयाची त्यांची व्याख्याच तीत केलेली नसते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, विवाहाची तुलना करताना जोडीदार प्रथम कोणी सुचविला या प्रश्नास आपण वाजवीपेक्षा अधिक महत्त्व देतो. त्याहून निर्णायक असे दोन प्रश्न आहेत. विवाहास नकार देण्याचा अधिकार कोणाकोणास होता, हा पहिला. आणि विवाह झाल्यानंतर त्या जोडप्याच्या पाठीशी कोण उभे राहिले, हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे हाती नसताना काढलेले सुखदुःखाचे निष्कर्ष दिशाभूल करणारे ठरतात. त्याचे परिणाम किती गंभीर असू शकतात, हे नाशिक शहराच्या अलीकडील इतिहासावरून दिसून येईल.

२. संज्ञांची फोड

धर्मशास्त्रकारांनी विवाहाचे आठ प्रकार सांगितले व त्यांत वधूवरांच्या परस्पर इच्छेने होणाऱ्या गांधर्व विवाहासही स्थान दिले, हे सर्वश्रुत आहे. तथापि केवळ परस्पर इच्छा पुरेशी नसते, याची जाणीव अभिजात साहित्यात स्पष्टपणे आढळते. 'अभिज्ञानशाकुंतला'तील विवाहास कोणी वडीलधारा साक्षी नाही. त्यामुळे दुष्यंताच्या राजसभेत शकुंतलेला आपले पत्नीत्व सिद्ध करण्यासाठी एका अंगठीवाचून दुसरा आधार उरत नाही, आणि तीही हरवलेली असते. माहेरची माणसे तिला तेथेच सोडून परत फिरतात.

याउलट 'कुमारसंभवा'त पार्वतीने वर स्वतः निवडलेला आहे, तपाने मिळविलेला आहे. तरीही माझा दाता पिता आहे, त्यास प्रमाण माना, असे ती सखीकरवी शंकरास कळविते. मग सप्तर्षी मागणी घालावयास हिमालयाकडे जातात, अशा कामी वडील स्त्रिया अधिक कुशल म्हणून अरुंधतीही बरोबर जाते आणि हिमालय उत्तर देण्यापूर्वी पत्नी मेनेकडे पाहतो. निवड कन्येची आणि ठरविणे घराचे, अशी ही रचना आहे. हिला आपण प्रेमविवाह म्हणावे की ठरवून केलेला विवाह? दोन्ही नावे अपुरी पडतात.

प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळल्यास हीच गोष्ट वेगळ्या रीतीने दिसते. मराठी समाजात लग्न ठरण्याची प्रक्रिया अनेक पायऱ्यांची आहे. स्थळ सुचविले जाते, पत्रिका पाहिल्या जातात, मुलगी दाखविण्याचा कार्यक्रम होतो, पसंती कळविली जाते, देण्याघेण्याची व मानपानाची बैठक बसते, याद्या होतात, साखरपुडा होतो. यांतील प्रत्येक पायरी ही नकाराचीही जागा आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. 'पत्रिका जुळत नाही' हे वाक्य ज्योतिषाशी संबंध न ठेवताही उच्चारले जाते. कोणाचाही अपमान न करता स्थळ परतविण्याची ती एक सभ्य रीत आहे. तेव्हा ठरवून होणाऱ्या विवाहाचा इतिहास लिहावयाचा तर, या पायऱ्यांवर नकार देण्याचा अधिकार क्रमाक्रमाने कोणाकडून कोणाकडे गेला, याचा शोध घ्यावा लागेल.

३. नकाराच्या अधिकाराचा इतिहास

एकोणिसाव्या शतकातील दोन सुप्रसिद्ध विवाह या दृष्टीने एकत्र पाहण्याजोगे आहेत. पहिला महादेव गोविंद रानडे यांचा. १८७३ मध्ये प्रथम पत्नीच्या निधनानंतर त्यांचा दुसरा विवाह वडिलांनी ठरविला. रानडे त्या वेळी एकतीस वर्षांचे, न्यायखात्यातील अधिकारी आणि विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. वधू रमाबाई अकरा वर्षांची होती. विवाह करण्याची त्यांची इच्छा नव्हती, पण पित्यास नकार देणे त्यांना शक्य झाले नाही, आणि त्याबद्दल सुधारकांच्या वर्तुळात त्यांच्यावर कठोर टीका झाली. पुढे हे सहजीवन परस्पर आदराचे व स्नेहाचे ठरले. १८७० च्या दशकाअखेर रानडे यांची बदली नाशिकला झाली होती. त्या वास्तव्याच्या आठवणीही रमाबाईंनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या ग्रंथात सांगितल्या आहेत, आणि घरातील स्त्रियांचा विरोध सोसून झालेले त्यांचे शिक्षण, त्यास पतीने दिलेला आधार, हे सारे त्या ग्रंथात सविस्तर आले आहे.

दुसरा विवाह रखमाबाईंचा. त्यांचेही लग्न सुमारे अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लावून देण्यात आले. त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. १८८४ मध्ये पतीने वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, परंतु अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना पतीकडे जाण्याचा, अन्यथा सहा महिन्यांच्या कारावासाचा आदेश दिला. अजाणतेपणी लावून दिलेल्या लग्नास मी बांधील नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी कारावासाची तयारी दर्शविली. १८८८ मध्ये पैशाच्या मोबदल्यात तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडला जाऊन वैद्यकीय शिक्षण घेऊन आल्या व त्यांनी सुरतेस दीर्घकाळ रुग्णसेवा केली. या वादाने पेटलेल्या चर्चेचा १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याशी निकटचा संबंध आहे.

दोन्ही विवाह ठरवून झालेले. दोन्ही वधूंचे वय सारखेच. दोघींपैकी कोणाचीही संमती विचारलेली नाही. एकीचा संसार सफल झाला, दुसरीने तो नाकारला. ठरवून होणाऱ्या विवाहाच्या बाजूने रमाबाईंचे उदाहरण द्यावे आणि विरुद्ध बाजूने रखमाबाईंचे द्यावे, हे सोपे आहे. पण त्यातून विवाहप्रकाराविषयी काहीच सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच की, नकाराचा अधिकार नसलेल्या व्यवस्थेत सुख लाभणे अथवा न लाभणे ही समोरच्या व्यक्तीच्या स्वभावावर अवलंबून असलेली केवळ दैवयोगाची बाब असते.

१८९९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत शारदा' या नाटकाने हाच प्रश्न सामान्य प्रेक्षकांपुढे मांडला. पित्याने द्रव्यलोभाने मुलगी वृद्धास देऊ केली, तर मुलीने काय करावे? त्यानंतरच्या काळात १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, मुलींचे शिक्षण, वाढते विवाहवय आणि नोकरी यांमुळे नकाराचा अधिकार प्रथम मुलाकडे आणि नंतर हळूहळू मुलीकडे आला. आज तो काही ठिकाणी उलट्या बाजूस झुकलेला दिसतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. मुलींची ही उणीव आणि शेतीतील अनिश्चितता यांमुळे शेती करणाऱ्या तरुणांस स्थळे मिळेनाशी झाली आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापूर येथे अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेषात जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला, तो याच परिस्थितीचा द्योतक होय. ठरवून होणाऱ्या विवाहात मुलीच्या नकारास वजन आले, हे त्यातून दिसते. मात्र या वजनाचे एक कारण न जन्मलेल्या मुली हे आहे, हेही विसरता येत नाही.

४. निवड आणि जात : चार कप्पे

ठरवून होणारा विवाह म्हणजे अनोळखी माणसांचा विवाह, ही समजूत महाराष्ट्राच्या बाबतीत विशेष तपासून घ्यावी लागते. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय आप्तव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथात उत्तरेकडील व दक्षिणेकडील विवाहरीतींमधील भेद विशद केला. उत्तरेत मुलगी दूरच्या गावी, रक्तसंबंध नसलेल्या घरी दिली जाते. दक्षिणेत ती बहुधा परिचित आप्तांत दिली जाते. महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर आहे. येथील अनेक जातींत मामाच्या मुलीशी विवाह मान्य, किंबहुना इष्ट मानला गेला, तर आत्याच्या घरी सून म्हणून जाणारी मुलगी सासरास बालपणापासून ओळखत असे. अशा विवाहात निवड वडिलांची असली तरी परिचयाचा अभाव नसे.

दुसऱ्या टोकास नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील पेठ, सुरगाणा यांसारखे आदिवासी तालुके आहेत. वारली समाजात स्त्रीपुरुषांनी एकत्र राहू लागावे आणि खर्चाची जुळणी झाल्यावर, कधी कधी मुले झाल्यानंतरही, धवलेरीकडून लग्नविधी करून घ्यावा, ही रीत परिचित आहे. भिल्ल समाजात मुलगा-मुलगी परस्पर निघून गेल्यास पंचांसमक्ष देज ठरवून संबंध मान्य करण्याची पद्धत आढळते. येथे निवड आधी, मान्यता नंतर असा क्रम आहे. समाजाच्या दृष्टीने हा विवाह बंडखोरीचा नसून विवाहाच्या प्रचलित मार्गांपैकी एक असतो. त्यास प्रेमविवाह हे नाव देणे म्हणजे नागर मध्यमवर्गाची संज्ञा परक्या रचनेवर लादणे होय.

या विविधतेत नीट वाट काढावयाची तर निवड व जात या दोन कसोट्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. तसे केल्यास चार कप्पे तयार होतात. पहिला, ठरवून आणि जातीत झालेला विवाह. संख्येने हाच सर्वांत मोठा. दुसरा, स्वतःच्या निवडीचा पण जातीतला. या दुसऱ्या कप्प्यातील विवाह बाहेरून दिसेनासे होतात. मुलामुलींनी एकमेकांस निवडल्याचे कळताच घरे भेटतात, बैठक होते, साखरपुडा होतो, आणि पत्रिका छापली जाईपर्यंत तो ठरवून केलेला विवाह झालेला असतो. तिसरा कप्पा ठरवून पण जातीबाहेर केलेल्या विवाहांचा. तो अशक्य वाटला तरी रिकामा नाही. कोल्हापूर संस्थानात १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहास कायदेशीर मान्यता देणाऱ्या शाहू छत्रपतींनी कागलच्या घाटगे घराण्यातील कन्या इंदूरच्या होळकर घराण्यात देण्याचे योजिले. हा मराठा-धनगर विवाह त्यांच्या निधनानंतर पार पडला. चौथा कप्पा स्वतःच्या निवडीने जातीबाहेर झालेल्या विवाहांचा. सामान्य बोलण्यात प्रेमविवाह म्हणताच जे चित्र डोळ्यांपुढे येते, ते या चौथ्या कप्प्याचे असते.

राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषद व मेरीलँड विद्यापीठ यांनी २००५ व २०११-१२ मध्ये केलेल्या भारतीय मानव विकास पाहणीत चाळीस हजारांहून अधिक कुटुंबांची माहिती संकलित झाली. तीत पती आपण एकटीने निवडला असे सांगणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण सुमारे ५ टक्के, आणि जातीबाहेर विवाह झाल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाणही सुमारे ५ टक्केच आढळले. हे दोन आकडे जवळचे असले तरी ते एकाच स्त्रियांचे आहेत असे मानता येत नाही. आकड्यांच्या सारखेपणामुळे दोन कसोट्यांची गल्लत होते, आणि पहिल्या कप्प्याची तुलना थेट चौथ्याशी करून तिला ठरवून होणारा विवाह व प्रेमविवाह यांची तुलना असे नाव दिले जाते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जातिसंस्थेच्या निर्मूलनाविषयीच्या आपल्या भाषणात आंतरजातीय विवाह हाच जातीवरील खरा उपाय सांगितला. त्याच्या आदल्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, त्यांनी नाशिक जिल्ह्यातील येवले येथे धर्मांतराची घोषणा केली होती. त्यांच्या विवेचनाचा विवाहाच्या अभ्यासकाने घ्यावयाचा अर्थ असा : ज्या व्यवस्थेत बेटीव्यवहार हा जातीच्या अस्तित्वाचा पाया आहे, तीत जोडीदाराची निवड ही केवळ दोन व्यक्तींची अथवा दोन घरांची बाब राहूच शकत नाही.

५. सुखाच्या मोजमापातील अडचणी

दोन विवाहप्रकारांतील सुखाची तुलना करणारी संशोधने थोडी नाहीत. १९८२ मध्ये उषा गुप्ता व पुष्पा सिंह यांनी जयपूर येथील ५० जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रेमविवाहात आरंभी प्रेमाची मात्रा अधिक व पुढे कमी, तर ठरवून झालेल्या विवाहात आरंभी कमी व पुढे अधिक, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो जगभर वारंवार उद्धृत झाला. परंतु ५० जोडपी दोन विवाहप्रकारांत आणि विवाहास झालेल्या वर्षांच्या निरनिराळ्या गटांत विभागली असता प्रत्येक गटात मोजकीच जोडपी उरतात. शिवाय एकाच जोडप्याचा मागोवा वर्षानुवर्षे घेतलेला नसून, भिन्न वयाच्या भिन्न जोडप्यांची एकाच वेळी विचारपूस केलेली आहे. त्यामुळे प्रेम वाढले वा घटले, असे म्हणण्यास आधार अपुरा पडतो.

इतरत्रचे निष्कर्ष याहून निराळे आहेत. चीनमधील चेंगडू शहरातील ५८६ विवाहित स्त्रियांच्या, १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत स्वतःच्या निवडीने विवाह केलेल्या स्त्रिया अधिक समाधानी आढळल्या. अमेरिकेत राहणाऱ्या ५८ भारतीयांच्या २०१२ मधील अभ्यासात दोन्ही गटांत प्रेम, समाधान व बांधिलकी यांबाबत लक्षणीय भेद दिसला नाही. जपानचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. तेथे १९३० च्या दशकात सुमारे ६९ टक्के विवाह मध्यस्थाने जुळविलेले असत. १९६० च्या दशकाअखेर स्वतःच्या निवडीने होणारे विवाह संख्येने पुढे गेले. या संक्रमणात मध्यस्थाची पद्धत एकाएकी नष्ट झाली नाही. मध्यस्थाने दोघांची भेट घडवावी व पुढचे दोघांनी ठरवावे, असे तिचे रूपांतर झाले. आपल्याकडील वधूवर सूचक मंडळे आणि विवाहविषयक संकेतस्थळे यांची वाटचाल याच दिशेने होत आहे. मात्र त्या संकेतस्थळांवर जात व पोटजात यांचे रकाने ठळकपणे कायम आहेत, हा जपान व आपल्यातील महत्त्वाचा भेद होय.

राहिला घटस्फोटाचा मुद्दा. घटस्फोटाचे अल्प प्रमाण हे सुखाचे गमक मानावयाचे, तर घटस्फोट घेणे सर्वांस सारखेच सुलभ आहे असे गृहीत धरावे लागेल. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित म्हणून नोंदलेल्या व्यक्ती सुमारे १३.६ लाख होत्या, तर विभक्त म्हणून नोंदलेल्या सुमारे ३५ लाख. म्हणजे मोडलेल्या संसारांपैकी मोठा भाग न्यायालयापर्यंत पोहोचतच नाही. मराठीत 'परित्यक्ता' हा शब्द रूढ झाला, त्यामागे अशाच स्त्रियांची संख्या व त्यांचे प्रश्न आहेत. ज्या मुलीस परतण्यास माहेर नाही, जिच्या धाकट्या बहिणींची लग्ने अडतील अशी भीती आहे, ती नांदत राहते. तिचा विवाह टिकला, एवढेच आकडेवारी सांगते.

प्रेमविवाह मोडण्याबाबतही असाच सावध विचार हवा. जेथे दोन्ही घरांनी पाठ फिरविली आहे, तेथे भाड्याची खोली, पहिले बाळंतपण, आजारपण, नोकरी जाणे, या प्रत्येक प्रसंगी जोडपे एकटे असते. असा संसार मोडला तर तो प्रेमाच्या उथळपणामुळे मोडला की आधाराच्या अभावी मोडला, हे ठरविण्याचे साधन आपल्या पाहण्यांत नाही. जातीबाहेर विवाह करणाऱ्यांवर बहिष्कार घालावयाचा आणि नंतर त्यांच्या संसारातील अडचणी प्रेमविवाहाविरुद्ध पुरावा म्हणून दाखवावयाच्या, हा तर्कदोष होय. मात्र तो लोकमानसात खोल रुजलेला आहे.

६. नाशिक येथील दोन घटना

जून २०१३ मध्ये नाशिक येथे जातीबाहेर विवाह केलेल्या एका गर्भवती तरुणीचा तिच्या पित्यानेच खून केला. या घटनेमागे जातपंचायतीचे दडपण असल्याची चर्चा झाली आणि भटक्या समाजांसह अनेक जातींतील पंचायतींचे दंड व बहिष्कार यांची प्रकरणे एकामागून एक उजेडात आली. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या नेतृत्वाखाली जातपंचायतीला मूठमाती देण्याची मोहीम हाती घेतली. तिची पहिली परिषद ऑगस्ट २०१३ मध्ये नाशिक येथेच भरली. त्याच महिन्याच्या २० तारखेस पुणे येथे दाभोलकरांची हत्या झाली. मोहीम मात्र कार्यकर्त्यांनी पुढे चालू ठेवली. खुनाच्या खटल्यात पित्यास कनिष्ठ न्यायालयाने दिलेली फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केली, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बदलून वीस वर्षांच्या सक्तमजुरीची केली.

दुसरी घटना २०२१ ची. नाशिक शहरातील एका हिंदू तरुणीचा व मुस्लिम तरुणाचा विवाह दोन्ही घरांच्या संमतीने ठरला. त्याची कायदेशीर नोंदणीही झाली होती. जुलै महिन्यात समारंभ करण्याचे ठरले असता लग्नपत्रिका समाजमाध्यमांवरून सर्वत्र पसरली, विरोध सुरू झाला आणि कुटुंबास ठरलेला समारंभ रद्द करावा लागला. तरीही दोन्ही घरे आपल्या निर्णयापासून ढळली नाहीत, आणि विधी पुढे मोजक्या लोकांच्या उपस्थितीत झाला.

या दोन घटना शेजारी ठेवल्या असता प्रस्तुत विषयाचा गाभा स्पष्ट होतो. पहिली चौथ्या कप्प्यातील, दुसरी तिसऱ्या कप्प्यातील आहे. पहिल्या विवाहावर आई-वडिलांची संमती नसल्याचा आक्षेप घेता आला असता. दुसऱ्यात तो आक्षेपही उरला नव्हता. वडीलधाऱ्यांनी विचारपूर्वक ठरविलेला विवाह, ही तर परंपरेची आवडती कल्पना. तरीही तो विवाह रोखण्याचा प्रयत्न झाला. यावरून असे अनुमान निघते की, विवाहाच्या व्यवहारात वधूवर आणि घर या दोहोंव्यतिरिक्त जात अथवा समुदाय हा तिसरा पक्ष उपस्थित असतो, आणि नकाराचा अंतिम अधिकार तो स्वतःकडे राखू पाहतो. वडिलांची आज्ञा म्हणून जी पुढे केली जाते, ती पुष्कळदा या तिसऱ्या पक्षाची आज्ञा असते, आणि ती पाळावी की पाळू नये या पेचात घर सापडलेले असते. २०१३ च्या घटनेतील घर या आज्ञेपुढे वाकले व एक जीव गेला. २०२१ च्या घटनेतील घर तिच्यापुढे उभे राहिले व संसार सुरू झाला. अर्थात हत्या करणाऱ्याचे उत्तरदायित्व समुदायाच्या दडपणामुळे तसूभरही कमी होत नाही.

७. कायद्याची भूमिका

या तिसऱ्या पक्षाशी कायद्याने कसे वर्तन ठेवले? मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा केला होता; दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्यास आव्हान दिल्यावर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर, वर उल्लेखिलेल्या मोहिमेचे फलित म्हणून, महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा २०१६ चा अधिनियम संमत केला. तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला. बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा त्यात सांगितल्या आहेत. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी प्रकरणात, सज्ञान व्यक्तींच्या विवाहात कोणत्याही जमावाने अथवा पंचायतीने हस्तक्षेप करणे बेकायदेशीर असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले.

तथापि विवाहाच्या कायद्यांतच या दोन प्रकारांना मिळणारी वागणूक सारखी नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यान्वये धार्मिक विधीने विवाह एका दिवसात संपन्न होतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा आश्रय घेणाऱ्यांना मात्र नोटीस द्यावी लागते, ती विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत लावली जाते आणि आक्षेपांसाठी तीस दिवस थांबावे लागते. ज्यांना घराचा व जातीचा विरोध आहे, त्यांचीच नावे व पत्ते महिनाभर जाहीर राहतात. दुसऱ्या बाजूस, बळजबरीने लावलेल्या लग्नाविरुद्ध हिंदू विवाह कायदा उपाय देतो तो विवाह झाल्यानंतर, आणि बळजबरी संपल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केल्यास. म्हणजे स्वतःच्या निवडीची चौकशी विवाहापूर्वी होते, आणि लादलेल्या विवाहाची चौकशी विवाहानंतर, तीही पीडित व्यक्तीने धैर्य केल्यास.

शासनाच्या धोरणातही अशीच द्विधा आहे. राज्य शासन विहित अटींवर आंतरजातीय जोडप्यांस ५० हजार रुपयांचे प्रोत्साहनपर साहाय्य देते. डिसेंबर २०२२ मध्ये शासनानेच आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेण्यासाठी समन्वय समिती नेमली. टीका झाल्यावर अल्पावधीतच आंतरजातीय विवाह तिच्या कक्षेतून वगळण्यात आले.

८. क्षेत्रीय अभ्यासासाठी काही सूचना

वरील विवेचनावरून पुढील संशोधनासाठी काही दिशा सुचतात. 'आपला विवाह ठरवून झाला की प्रेमविवाह होता?' हा प्रश्न प्रश्नावलीत एकट्याने ठेवणे उपयोगाचे नाही. दुसऱ्या कप्प्यातील जोडपी त्याचे उत्तर पहिल्या कप्प्यासारखे देतील, आणि आदिवासी तालुक्यांतील उत्तरदात्यांस तो प्रश्नच कळणार नाही. त्याऐवजी नकाराविषयी विचारावे. या विवाहापूर्वी आपण एखादे स्थळ नाकारले होते काय? नाकारले तेव्हा घरी काय घडले? होकार देण्यापूर्वी दोघांची किती वेळा व किती वेळ भेट झाली, आणि त्या भेटीत तिसरे कोण होते?

पाठबळाचे मोजमाप अधिक कठीण वाटते, परंतु मराठी कौटुंबिक जीवनाने त्याची खुणेची स्थाने तयारच ठेवली आहेत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणास जावयास बोलावणे आले काय? डोहाळजेवण कोणी केले? पहिले बाळंतपण कोठे झाले? बारशाला आत्या आली काय? भावाच्या लग्नपत्रिकेत या मुलीचे व तिच्या पतीचे नाव छापले गेले काय? या प्रश्नांना वर्षे जोडून उत्तरे घेतल्यास, तुटलेला संबंध कधी व कोणाच्या पुढाकाराने जुळला, हे समजेल. अनेक घरांत नातवंडाच्या जन्मानंतर अबोला सुटतो असे लोक सांगतात. हे कितपत खरे, आणि जातीबाहेरच्या विवाहात ते जातीतल्या विवाहाइतकेच खरे आहे काय, हे तपासण्याजोगे आहे.

नाशिक जिल्हा या अभ्यासास विशेष अनुकूल आहे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती, निफाड-दिंडोरीकडील द्राक्षबागांचा सधन पट्टा, येवल्याची आंबेडकरी परंपरा व पश्चिमेकडील आदिवासी तालुके हे सारे एकाच जिल्ह्यात असल्याने चारही कप्प्यांतील विवाह मर्यादित साधनांनी अभ्यासता येतील. अशा पाहणीत उत्तरदात्यांची नावे व पत्ते गुप्त ठेवणे हा केवळ संशोधनाच्या शिस्तीचा भाग नाही. चौथ्या कप्प्यातील जोडप्यांच्या बाबतीत तो त्यांच्या जीविताशी निगडित आहे. विद्यार्थ्यांना क्षेत्रात पाठविण्यापूर्वी मार्गदर्शकांनी ही गोष्ट त्यांना स्पष्टपणे समजावून सांगणे आवश्यक आहे.